शंभर ग्रॅम मसूर

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी एका औषध कंपनीने फुकट वाटलेली. पहिल्या पानावर ‘महत्त्वाचे दूरध्वनी’ असं छापलंय. ते पान कोरंच राहणार, कारण महत्त्वाची माणसं मला फोन करत नाहीत, मीच त्यांना करते. पण आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. आज मी जिंकले.

आमचं चाळीस खाटांचं केंद्र. हाड मोडलेली, ऑपरेशन झालेली माणसं इथे येतात, दोन-तीन महिने राहतात आणि आपल्या पायांनी घरी जातात. ज्यांना ते जमत नाही त्यांना गावाबाहेरच्या कायमच्या निवासात पाठवतात. मी इथे नऊ वर्षं आहारतज्ज्ञ आहे आणि नऊ वर्षं डॉक्टर मला ‘आमच्या पथ्यवाल्या बाई’ म्हणतात. गमतीने म्हणतात, पण म्हणतात.

आज अधीक्षकांसमोर मी माझा तक्ता मांडला. एका बाजूला प्राण्यांपासूनची प्रथिनं, दुसऱ्या बाजूला वनस्पतींपासूनची. शंभर ग्रॅम चिकनमध्ये सत्तावीस ग्रॅम, शंभर ग्रॅम मसुरीत चोवीस, राजम्यात बावीस. डॉक्टर म्हणाले, “आकडे ठीक आहेत हो, पण कडधान्याचं प्रथिन अपुरं असतं. जखम भरायची तर अंडी आणि मांस.” मी याच वाक्याची वाट बघत होते. मी म्हटलं, अपुरं असतं ते एकेकटं खाल्लं तर. पावात जे कमी ते मसुरीत असतं, मसुरीत जे कमी ते पावात. दोन्ही एका ताटात वाढा, हिशोब पूर्ण. डॉक्टर म्हणाले, “बघू तुमची डाळ शिजते का.”

अधीक्षकांनी पहिल्या मजल्यावरचे चौदा रुग्ण मला दिले. तीन महिने.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी मांस-अंडी सोडली. का, असं कुणी विचारलं की मी पृथ्वीचं वगैरे सांगते. खरं म्हणजे एका व्याख्यानाला गेले होते. तिथल्या बाई साठीच्या होत्या आणि माझ्यापेक्षा तरुण दिसत होत्या.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “साहेबांनी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. आता तिथे बसून त्याची प्रथिनं मोज.”

१२ जानेवारी, सोमवार

योजना सुरू. प्रत्येक रुग्णाचं कार्ड मी स्वतः माझ्या अक्षरात लिहिलं. दुपारी चिकनऐवजी मसूर शंभर ग्रॅम, संध्याकाळी अंडी-मासळीऐवजी राजमा किंवा हरभरे शंभर ग्रॅम. बाकी पाव, भात, दूध, भाज्या आधीसारखंच.

आमच्या स्वयंपाकघराची एक पद्धत आहे. सगळं वजन वाढताना करायचं, ताट काट्यावर ठेवून. स्वयंपाकाच्या मावशी गेली सतरा वर्षं तसंच करतात. काटा इतका लख्ख पुसलेला असतो की त्यात तोंड बघून घ्यावं.

आज मावशी कार्ड घेऊन माझ्या दारात आल्या. “मॅडम, हे शंभर ग्रॅम कोरडी की शिजलेली?” तेवढ्यात डॉक्टर आत आले होते आणि गालात हसत उभे होते. मी म्हटलं, “मावशी, शंभर म्हणजे शंभर. नेहमीसारखंच करा ना.” त्या “बरं” म्हणून गेल्या. डॉक्टरांसमोर स्वयंपाकघरातून माझी उलटतपासणी व्हावी हे मला आवडलं नाही. जरा तोडून बोलले खरी. पण पहिल्याच दिवशी असे बारीकसारीक प्रश्न काढत बसलं तर काम व्हायचं कसं?

२० जानेवारी, मंगळवार

माझा लाडका रुग्ण म्हणजे खाट क्रमांक सहा, घड्याळकाका. शहात्तर वर्षांचे, खुब्याचं हाड मोडलेलं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. खाली दुकान, वर घर, मध्ये अकरा पायऱ्या. त्या अकरा चढता आल्या तर मुलगा त्यांना घरी नेणार, नाहीतर गावाबाहेर. काका स्वतःच म्हणतात, “मॅडम, माझं आयुष्य आता अकरा पायऱ्यांचं.” सोळा मार्चला त्यांची परीक्षा.

बाकीचे कुरकुरतात. तीन नंबरच्या आजी म्हणतात, “हे काय पक्ष्यांचं खाणं!” काका मात्र ताट चाटूनपुसून स्वच्छ करतात. मी विचारलं, “पोट भरलं ना?” म्हणाले, “अगदी तट्ट.” मग हळूच, “पाव आणखी एक मिळेल?” मी दिला. म्हातारपणी भुकेपेक्षा सवयच जास्त असते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायाम घेणारी ताई टेप घेऊन आली होती. काकांच्या मांडीचा घेर तीन आठवड्यांत दोन सेंटीमीटरने कमी. पाठीवर झोपून झोपून झालेली जखम रुपयाएवढी होती ती रुपयाएवढीच आहे. वजन दीड किलोने उतरलं.

मी सगळे कागद पुन्हा तपासले. त्यांना रोज पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात आणि माझ्या योजनेत शहात्तर आहेत. एक ग्रॅम जास्तच! म्हणजे खाण्याचा दोष नाही. काका व्यायामात अंग चोरत असणार. ताईला तसं सुचवलं. ती म्हणाली, “अहो, ते तर माझ्याकडे जास्तीचे मागतात. पण दहा मिनिटांत पाय लटपटायला लागतात.” तिच्या बोलण्यात मला डॉक्टरांची फूस दिसते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मावशींना रंगेहाथ पकडलं. काकांच्या ताटात मसुरीचा आणखी एक मोठा डाव घालत होत्या, काट्यावर न ठेवता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मावशी, हा प्रयोग आहे, लग्नाची पंगत नाही.” त्यांनी डाव परत पातेल्यात रिकामा केला. काका म्हणाले, “त्यांना नका बोलू, मीच मागितलं.” मावशी म्हणाल्या, “नाही, ते नाही मागत. कधीच नाही मागत. माझं मलाच वाटलं.”

शिस्त नसेल तर आकड्यांना अर्थ काय राहील?

२६ फेब्रुवारी, गुरुवार



वार्षिक अहवालासाठी फोटोग्राफर आला होता. अधीक्षकांना माझ्या योजनेचं एक पूर्ण पान हवंय, ‘प्राणिज आणि वनस्पतिज प्रथिने : एक तुलना’. मी टेबलावर हौसेने मांडामांड केली. एका ताटलीत शिजलेलं चिकन, शंभर ग्रॅम. शेजारी मावशींनी वाढलेलं मसुरीचं ताट, शंभर ग्रॅम. रंग चांगला दिसेल म्हणून पुढे एका वाटीत कोरडी मसूर ओतली आणि काट्यावर तीही बरोबर शंभर केली. वाटी काठोकाठ भरली.

फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावून म्हणाला, “मॅडम, या वाटीतली मसूर शिजवून या ताटात घातलीय ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग ताटात एवढीशीच कशी? शिजल्यावर फुगते ना?”

मी वाटीकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. तक्त्यातला चोवीसचा आकडा कोरड्या मसुरीचा. शिजताना ती पाणी पिते, शंभराची अडीचशे होते. ताटातल्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं नऊ ग्रॅम. चोवीस नव्हे, नऊ! आणि चिकनचा आकडा मी शिजलेल्याचा घेतला होता, कारण तो वर्षानुवर्षं तोंडपाठ होता. एका पारड्यात कोरडं, दुसऱ्यात शिजलेलं घालून मी नऊ वर्षांच्या अनुभवाने तुलना केली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं.

फोटोग्राफरला म्हटलं, “ती वाटी काढून टाका. गर्दी होतेय.” त्याने वाटी काढली आणि फोटो घेतला. फोटोत मी हसतेय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिशोब केला. काकांना रोज शहात्तर ग्रॅम मिळतात असं मी समजत होते. मिळत होते अठ्ठेचाळीस. साडेसहा आठवडे. चौदा माणसं. शरीराला बाहेरून मिळालं नाही की ते आपल्याच मांडीतून काढून घेतं, हे मी दरवर्षी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. काकांची मांडी मी खाल्ली.

लाज वाटते. नुसतं चुकले म्हणून नाही. एका माणसाने मला विचारलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेले. आत ते कुणाशी तरी मोठ्याने हसत होते. परत आले आणि चौदा कार्डं काढली, सगळीकडे १०० चे २६० केले. एक आणि दोन्ही शून्यं खोडून वर नवीन लिहिलं. दुरुस्ती झाली म्हणजे झालं, असं स्वतःला बजावलं. कोण कशाला मागचं विचारतंय?

२ मार्च, सोमवार

विचारायची वेळच आली नाही, ताटंच बोलायला लागली. अडीचशे ग्रॅम मसूर म्हणजे केवढा ढीग! जेमतेम अर्धी ताटं संपली. तीन नंबरच्या आजींनी ताट बघून डोळेच मिटून घेतले. काकांनी मात्र माझ्याकडे बघत बघत सगळं संपवलं आणि तासाभराने सगळं ओकून टाकलं. मला म्हणाले, “सॉरी हं मॅडम. तुमचा प्रयोग बिघडला का?”

डॉक्टरांना नेमकं हेच म्हणायचं होतं का, कोण जाणे. मांसाच्या चार घासांत जेवढं मावतं तेवढं मसुरीतून घ्यायचं तर ताट भरून खावं लागतं, आणि तेवढी भूक आजारी म्हाताऱ्याला नसते. हातपाय धड असलेल्या माणसाला ते सहज जमेल. माझं तर छान जमतं. यांना सोयाबीनचं पीठ, टोफू, नाहीतर सरळ दोन अंडी द्यायला हवीत. पण अंडी परत आणायची तर कारण सांगावं लागणार.

मावशींनी खोडलेली कार्डं बघितली. एक कार्ड उजेडात धरलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली ठेवून ताटं वाढायला लागल्या.

५ मार्च, गुरुवार

आज जे केलं ते लिहिलंच पाहिजे, कारण आणखी कुणाला सांगायची हिंमत नाही.

अधीक्षकांनी बोलावलं. चौदापैकी अकरा जणांची वजनं उतरली आहेत, दुसऱ्या मजल्यावर एकाचंही नाही. माझी योजना कागदावर निर्दोष आहे, तेव्हा ताटात कमी पडत असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मावशींना उभं केलं होतं. बसा म्हटलं नाही.

मावशी म्हणाल्या, “साहेब, कार्डावर शंभर होतं, मी शंभर वाढलं. मॅडमना विचारलं होतं मी पहिल्याच दिवशी, कोरडी की शिजलेली. त्या म्हणाल्या, नेहमीसारखंच करा.”

कार्डं कुणी मागवून बघितलीच नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरसुद्धा.

मी म्हटलं, “मावशी, असं काही तुम्ही मला विचारल्याचं आठवत नाही.”

आवाज अजिबात चढवला नाही. उलट गोड बोलले. “तुमच्या मनात असेल विचारायचं, गडबडीत राहिलं असेल. होतं असं.” मावशींचं तोंड उघडं राहिलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “विचारलं नव्हतं? मला वाटतंय की मी... तुमच्या दारात उभी होते.”

अधीक्षकांनी त्यांचं वाढण्याचं काम काढून घेतलं. उद्यापासून भाज्या निवडायच्या आणि चिरायच्या. सतरा वर्षांनी.

६ मार्च, शुक्रवार

डायरी मागे चाळली. बारा जानेवारीचं पान. “कोरडी की शिजलेली?” माझ्याच अक्षरात, अवतरणचिन्हांसकट. डॉक्टर तिथे होते हेही लिहिलंय. त्यांना आठवत नाही, कारण त्यांनी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

ते पान फाडावं असं वाटलं. असं वाटलं हेही लिहून ठेवते.

१० मार्च, मंगळवार

घड्याळकाकांच्या फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं, ‘वयोमानानुसार स्नायूंची झीज. आहार पुरेसा. सुधारणेची अपेक्षा नाही.’ ‘आहार पुरेसा’ यावर माझी सही आहे. सोळाला परीक्षा नावापुरती. गावाबाहेरच्या निवासात खाट राखून ठेवली आहे. तिथून कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

मावशी हल्ली सारखं काहीतरी लिहीत असतात. मटार सोलता सोलता थांबतात, पदराला हात पुसतात आणि कागदाच्या चिठोऱ्यावर दोन शब्द खरडून कमरेला खोचतात. मी जवळ गेले की थांबतात. माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करताहेत, दुसरं काय! करू देत. त्यांच्या जागी मीही केले असते. पण त्या चिठोऱ्यांची मला भीती वाटते. दिवसभर डोळ्यांपुढून जात नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

काकांनी व्यायामाच्या खोलीतल्या लाकडी पायऱ्या चढून बघितल्या. चार झाल्या. पाचवीला कठडा धरून नुसते उभे राहिले, पाय वर उचलेचना. ताईने बसवलं. मी पाण्याचा पेला दिला.

म्हणाले, “मशीन चांगलं आहे मॅडम, स्प्रिंग ढिली पडलीय.” हसले. मग म्हणाले, “मुलाला सांगितलंय दुकानाची किल्ली ठेव तुझ्याकडेच. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही माझ्यासाठी किती केलंत. रोज येऊन विचारायचात, पोट भरलं का. इतकं घरी कुणी विचारत नाही.”

मी विचारलं, “काका, खरं सांगा. भरायचं का?”

ते पेल्यात बघत राहिले. “नाही हो,” म्हणाले. “पण तुम्ही इतक्या आशेने विचारायचात, नाही कसं म्हणणार?”

मी तिथून उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. स्वतःचीच किळस आली. वही लिहिताना मी काय काय कबूल करते! वहीला सांगायला काय लागतं?

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नेहमी कुठे ना कुठे चिमटा काढतो, आज नाही काढला. म्हणाला, “मला कशाला सांगतेस? मी काय करू त्याचं?”

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

सकाळच्या बैठकीत सगळे बसलेले असताना काटा, कोरडी मसूर आणि शिजलेली मसूर घेऊनच गेले. शब्द ऐनवेळी दगा देतील म्हणून आधी टेबलावर वाटी आणि ताट ठेवलं. मग बारा जानेवारीचं पान उघडून वाचलं. माझ्या तुटक उत्तरासकट. “मावशींनी विचारलं होतं. मला पाच तारखेला ते पक्कं आठवत होतं. मी खोटं बोलले.”

अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय?” मी म्हटलं, कळतंय. लेखी द्या म्हणाले. लेखी घेऊन गेलेच होते.

डॉक्टर आता मला सोलून काढतील असं वाटलं होतं. ते ताट ओढून घेऊन बोटाने मसूर सारत बसले. म्हणाले, “मी दोन महिने तुमच्याशी कडधान्य भारी की मांस भारी यावर भांडलो. एकदाही खाली जाऊन ताट बघितलं नाही.” मग काकांची फाइल मागवली, ‘सुधारणेची अपेक्षा नाही’ वर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘आहार अपुरा होता. सहा आठवडे मुदतवाढ.’

आजपासून पहिल्या मजल्यावर दोन अंडी सुरू. ज्यांना नको त्यांना टोफू. मसूर वाटीभर, पावाबरोबर. माझी चौकशी होणार आहे. नोकरी राहील की नाही माहीत नाही. मावशी आज रजेवर होत्या.

१४ मार्च, शनिवार

काकांना सांगितलं. चूक कशी झाली तेही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कामाच्या माणसासारखं. मी माफी मागितली. ते म्हणाले, “मला वाटत होतं मी म्हातारा झालो.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याशी विनोद केला नाही.

दुपारी ताट आलं. दोन्ही अंडी खाल्ली. मी विचारलं नाही, नर्सने सांगितलं.

सहा आठवड्यांत अकरा पायऱ्या होतील का? ताई म्हणते, सात-आठ नक्की. अकराचं ती बोलत नाही.

१६ मार्च, सोमवार

मावशी आज आल्या. अधीक्षकांनी त्यांना वाढायचं काम परत दिल्याचं पत्र दिलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. ते मी सांगायचं, असं म्हणाले. बरोबरच आहे.

दुपारची जेवणं उरकली होती. मावशी स्वयंपाकघरात मोठ्या टेबलाशी रात्रीचे बटाटे सोलत होत्या. मी समोरच्या स्टुलावर बसले. काल दिवसभर मनात जुळवलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हणाले, “मावशी, तुम्ही मला विचारलं होतं. कोरडी की शिजलेली. मी मुद्दाम नाही म्हटलं.”

त्यांनी सुरी खाली ठेवली.

“तुम्हाला आठवत होतं?”

“हो.”

“साहेबांच्या खोलीत? तेव्हासुद्धा?”

“हो.”

त्या चिडतील, ओरडतील, म्हणून मी मान खाली घालून बसले. त्यांनी कमरेचे चिठोरे काढले आणि टेबलावर ठेवले. मला वाटलं, आले पुरावे. पण त्यावर माझं नाव कुठेच नव्हतं. ‘गॅस बंद केला.’ ‘मीठ घातलं, एकदाच.’ ‘सुनेला किल्ली दिली.’ ‘आज मंगळवार.’

“माझ्या आईला पंचावन्नाव्या वर्षी सुरू झालं,” मावशी म्हणाल्या. “आधी असंच. ती म्हणायची, मी बोलले होते, आणि आम्ही म्हणायचो, नाही आई, तू बोललीच नाहीस. शेवटी आम्हालाही ओळखेना. मला ऑगस्टमध्ये पंचावन्न होतील. त्या दिवशी तुम्ही इतकं शांतपणे सांगितलंत ना मॅडम, मला वाटलं, झालं. सुरू झालं. शुक्रवारी डोक्याची तपासणी करून आले. घरात कुणाला बोलले नाही.”



“नातीला आंघोळ मी घालायचे. दीड वर्षाची आहे. त्या दिवसापासून घातली नाही. गरम पाणी किती ओतलं ते विसरले तर काय करायचं?” त्यांनी एकेक चिठोरा घेऊन चुरगळला. मग विचारलं, “म्हणजे मी तुमच्या दारात उभी होते?”

“होतात.”

“हातात कार्ड होतं?”

“होतं. डॉक्टर होते तिथे. गडबड नव्हती, काही नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि मी तोडून बोलले.”

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, साडेतीन झाले होते. उठल्या, हात धुतले, अॅप्रन काढून खुंटीला लावला.

“तिची आंघोळ चारला असते,” म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन निघाल्या.

माफ करा, एवढं एक तरी आधी म्हणायचं ठरवलं होतं. ते तोंडात येईपर्यंत मागचं दार लागलं होतं. टेबलावर चाळीस माणसांचे बटाटे तसेच पडले होते. मी त्यांची सुरी घेतली आणि सोलायला बसले.